प्रकल्प नोंदी : तुटलेला फोर्क आणि ६०६१ ची भट्टी

१८ नोव्हेंबर २०२४, भोसरी

टेबलावर व्हीलचेअरच्या पुढच्या छोट्या चाकाचा फोर्क पडला आहे. वरच्या बोल्टच्या भोकातून आरपार तुटलेला. मार्चमध्ये आम्हीच बनवून दिलेला. चिंचवडच्या ज्या ताईंच्या खुर्चीला तो होता, त्या गेल्या बुधवारी स्पीडब्रेकरवरून उतरताना पुढे कोसळल्या. मनगट प्लॅस्टरमध्ये आहे. फोनवर म्हणाल्या, "दादा, माझा हात बरा होईल. पण असे फोर्क अजून कुणाकुणाच्या खुर्चीला आहेत ते आधी बघा." त्या लॉटचे ४८ फोर्क २४ खुर्च्यांवर गेले आहेत. आज दिवसभर बाकीच्या २३ जणांना फोन लावत होतो. खुर्ची बाहेर नेऊ नका, फोर्क काढून पाठवा, खर्च आमचा.

आमची पद्धत लिहून ठेवतो, पुढे लागेल. ६०६१ अ‍ॅल्युमिनियमची ४० बाय ८ ची नरम पट्टी. कापायची, मधोमध साडेबारा मिलिमीटरचं भोक पाडायचं, प्रेसवर इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवायची, मग टी-६ साठी, म्हणजे तापवून, पाण्यात विझवून आणि मंद आचेवर ठेवून कडक करायला, बाहेर भट्टीवर. आल्यावर संरक्षक थरासाठी काळं अ‍ॅनोडायझिंग. आधी नरमच का वाकवतो, तर टी-६ झालेली पट्टी इतक्या आखूड रेडियसला वाकवली की बाहेरच्या अंगाने तडकते.

दहापट भिंगाखाली तुटलेला भाग पाहिला. जवळपास दोन तृतीयांश भाग गुळगुळीत, त्यावर कांदा उभा चिरल्यावर दिसतात तशा एकात एक कमानी. उरलेला भाग खरबरीत आणि चमकदार. म्हणजे स्पीडब्रेकरने शेवटचा धक्का दिला एवढंच. भेग कित्येक आठवडे रोज थोडी थोडी सरकत होती. सगळ्या कमानींचं केंद्र भोकाच्या आतल्या काठावर आहे. हा फटीग, धातूचा थकवा. वर्कशॉपमध्ये सगळ्यांचं एकच मत पडलं: माल नरम लागला, भट्टीवाल्याने घोळ केला. माझंही तेच.

२१ नोव्हेंबर

गुरुवार, एमआयडीसीला सुट्टी. तुटका फोर्क आणि त्याच लॉटमधला गोदामात उरलेला एक न वापरलेला फोर्क घेऊन कॉलेजात सरांकडे गेलो. ब्रिनेल मशीनवर तीन-तीन ठिकाणी हार्डनेस घेतला.

तुटका: ७०, ७२, ७३. न वापरलेला: ९४, ९४, ९५.

हँडबुकात ६०६१ साठी नरम अवस्थेत ३०, टी-४ ला (विझवून नुसता ठेवलेला माल) ६५ आणि टी-६ ला ९५ दिलेले आहेत. म्हणजे उरलेला फोर्क चोख आणि तुटलेला टी-४ पेक्षा थोडासाच बरा. लॉट एक, भट्टी एक, सर्टिफिकेट एक.

मी लगेच म्हणालो, एजिंग, म्हणजे विझवल्यानंतर मंद आचेवर ठेवणं, अर्धवट राहिलं असणार. सरांनी कपाटातून कंडक्टिव्हिटी मीटर काढला आणि दोन्ही तुकड्यांवर टेकवला. चांगल्याला ४३ टक्के, तुटक्याला ४६. (शुद्ध तांब्याची वाहकता १०० धरून हे आकडे येतात.) सर म्हणाले, "एजिंग कमी पडलं असतं, तर मॅग्नेशियम आणि सिलिकॉन अजून धातूच्या अणूंच्या जाळीत विरघळलेलेच असते. त्यांच्या अडथळ्याने वीज कमी वाहिली असती. इथे जास्त वाहते आहे. म्हणजे ते जाळीतून बाहेर पडलेत, पण कामाच्या आकारात नाही."

हे मला नीट कळायला घरी येऊन अर्धा तास बसावं लागलं. ६०६१ मध्ये ताकद येते ती मॅग्नेशियम-सिलिकॉनच्या सुईसारख्या अतिबारीक कणांमुळे. ५३० अंशांना दोन्ही अ‍ॅल्युमिनियममध्ये विरघळतात. पाण्यात झटकन निववलं की ते अडकून राहतात. मग १७५ अंशांना आठ तास ठेवलं की सगळीकडे सारखे, दाट कण बसतात आणि धातूचे थर एकमेकांवरून घसरायला अडतात. निववणं हळू झालं, तर पाकाची खडीसाखर होते तसं: थोडे पण मोठे खडे, तेही मुख्यतः धातूच्या स्फटिक-दाण्यांच्या (ग्रेनच्या) सीमांवर आणि लोखंडी कणांच्या आसपास. त्या खड्यांचा ताकदीला काही उपयोग नाही आणि नंतर कितीही एजिंग केलं तरी ते परत विरघळत नाहीत. तेव्हा शंका क्वेंचिंगवर, म्हणजे पाण्यात विझवण्यावर.

२५ नोव्हेंबर

भट्टीवर जाऊन आलो. तिथले काका तीस वर्षं हे काम करतात. त्यांनी काहीही लपवलं नाही, चार्टची गुंडाळी स्वतःहून काढून दिली. ५३० ला सव्वा तास, रेषा सरळ. एजिंग १७५ ला आठ तास, तीही सरळ.

पण भट्टीचं दार उघडल्यापासून बास्केट टाकीत बुडेपर्यंत मी मोबाइलवर वेळ लावली: ३८ सेकंद. विमानाच्या कामात एवढ्या जाडीला १५ सेकंदांची शिस्त असते. सापडलं, असं वाटून परत आलो.

३० नोव्हेंबर

सापडलं नव्हतं.

पट्टीच्या तुकड्याला कडेने दीड मिलिमीटरचं भोक पाडून आत के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजायची तार) बसवलं. कॉलेजच्या मफल भट्टीत ५३० ला तासभर ठेवून बाहेर काढलं आणि मुद्दाम हवेत धरून राहिलो. ४० सेकंदांनी आकडा होता ५०२. एवढंच. आठ मिलिमीटरच्या भरीव पट्टीत उष्णता भरपूर आणि उघड्या हवेत ती फार सावकाश जाते. ६०६१ ला खरा धोका साधारण ४०० ते २९० अंशांच्या पट्ट्यात असतो. तिथे कण झपाट्याने वाढतात आणि तो पट्टा तर अजून खूप खाली होता. पत्र्याच्या जॉबला ३८ सेकंद महागात पडले असते, आमच्या पट्टीला नाही. नंतर पाण्यात टाकल्यावर चार सेकंदांत शंभरच्या खाली. एजिंग करून हार्डनेस ९४.

काकांना फोन करून सांगितलं की उशिराचा प्रश्न नव्हता. ते म्हणाले, "मग बास्केट कसं भरतो ते बघितलंत का?" नव्हतं बघितलं. मी दार ते टाकी एवढंच अंतर मोजत उभा होतो.

ता.क. मफल भट्टी दाराकडच्या बाजूला १२ अंशांनी थंड आहे. यापुढे नमुने मागच्या अर्ध्यातच.

७ डिसेंबर

या महिन्यातला सगळ्यात महत्त्वाचा दिवस, म्हणून सविस्तर.

आमचे फोर्क यू आकाराचे. वाट्या एकात एक बसतात तसे तेही बसतात, आणि जागा वाचावी म्हणून तसेच रचले जातात. आमचा मुलगा कार्टनमध्ये तसेच रचून पाठवतो, ते तसेच बास्केटमध्ये जातात. शिवाय आमच्या आधी दोन लॉट विझवून झालेले असतील, तर टाकीचं पाणी हात घालवणार नाही इतकं तापलेलं असतं.

ते सगळं तसंच्या तसं करून पाहिलं. भंगारातले ३६ फोर्क तीन ओळींत एकात एक दाबून भरले, मधल्या ओळीच्या मधल्या फोर्कमध्ये थर्मोकपल. पाणी ८० अंशांना. बास्केट बुडवल्यावर पाणी खवळलं, वाफेचा लोट उठला आणि बाहेरचे फोर्क क्षणात निवले. मधला आकडा मात्र खाली यायला तयार नव्हता. ४०० वरून २९० वर यायला त्याला ९० सेकंद लागले. सेकंदाला सव्वा अंश. वाफ आतल्या फटींमध्ये अडकते, पाणी धातूला टेकूच देत नाही, आणि छत्तीस फोर्क मिळून एकच जाड ठोकळा होतो.

मग दुसरी खेप. तेवढेच फोर्क जाड तारेवर दोन-दोन बोटांचं अंतर ठेवून टांगले, पाणी २५ अंशांना. बुडवलं आणि पाचव्या सेकंदाला प्रकरण संपलं.

दोन्ही खेपांचं एजिंग एकाच ओव्हनमध्ये, एकाच वेळी केलं. दाबून भरलेल्यांत बाहेरच्या ओळींचा हार्डनेस ९१ ते ९३, मधल्यांचा ७४ ते ७७. टांगलेले सगळेच्या सगळे ९५ ते ९७. मधल्याची कंडक्टिव्हिटी ४६, तुटलेल्या फोर्कची होती तीच.

सर्टिफिकेटवरचा नमुना-तुकडा तारेने बास्केटच्या बाहेरच्या बाजूला बांधलेला असतो. तो नेहमीच पास होणार.

१४ डिसेंबर

चार्टवरच्या तारखा पाहताना आणखी एक गोष्ट दिसली. आमचा लॉट बुधवारी संध्याकाळी विझवला होता, गुरुवारी सुट्टी, एजिंग शुक्रवारी. मध्ये जवळजवळ दोन दिवस.

यावरून सरांनी आल्फ्रेड विल्मची गोष्ट सांगितली. १९०६ साली बर्लिनजवळ हा माणूस तांबं-मॅग्नेशियम मिसळलेलं अ‍ॅल्युमिनियम विझवून कडक करायच्या खटपटीत होता. शनिवारी मोजलं तर काही विशेष नाही. सोमवारी परत मोजलं तर तोच तुकडा चांगलाच कडक. नुसता पडून राहिला म्हणून. त्यातून ड्युरालुमिन आलं आणि झेपेलिन हवाई जहाजांचे सांगाडे त्याचे झाले. आत काय घडतं ते मात्र १९३८ मध्ये गिनिए आणि प्रेस्टन यांनी, एकाने फ्रान्समध्ये आणि एकाने इंग्लंडमध्ये, क्ष-किरणांनी वेगवेगळं दाखवलं.

विल्मच्या धातूला विश्रांती मानवली. ६०६१ ला ती बाधते, हे मला माहीत नव्हतं. खोलीच्या तापमानाला मॅग्नेशियम-सिलिकॉनचे लहान लहान पुंजके जमतात आणि नंतर १७५ अंशांना बारीक सुया तयार व्हायला जो मोकळा माल हवा असतो, तो त्या पुंजक्यांत गुंतून बसतो. सुया कमी आणि जाड होतात. करून पाहिलं: बुधवारी विझवलेले सहा तुकडे, तीन लगेच ओव्हनमध्ये, तीन शुक्रवारी. लगेचचे ९६ ते ९७, शुक्रवारचे ९१ ते ९२. एवढ्याने फोर्क तुटत नाही. पण हे पाच अंक फुकट घालवायचं काही कारणही नाही.

१९ डिसेंबर

हार्डनेसचं कोडं सुटलं. पण तुटलं ते थकव्याने, आणि हार्डनेस म्हणजे थकव्याची हमी नव्हे, असं सर पहिल्या दिवसापासून बजावत आहेत. कॉलेजात रोटेटिंग बेंडिंगचं जुनं मशीन आहे. नमुना गोल फिरतो, टोकाला वजन लटकतं, म्हणून प्रत्येक फेऱ्याला त्याच जागी एकदा ताण, एकदा दाब.

१२ मिलिमीटरच्या गोल बारमधून नमुने टर्न केले, मधला भाग ८ मिलिमीटर. निम्मे नीट विझवलेले, निम्मे मुद्दाम उघड्या हवेत सावकाश निववलेले. एजिंग सगळ्यांचं सारखं. हार्डनेस ९६ आणि ७३.

पॉलिश करायला पूर्ण दिवस गेला. एमरी पेपर नेहमी लांबीच्या दिशेनेच ओढायचा. गोल फिरवून घासलं की राहिलेला प्रत्येक ओरखडा ताणाला आडवा येतो आणि भेगेला आयतं दार मिळतं. मापही जपावं लागतं: व्यास ८ ऐवजी ७.९ झाला तर तेवढ्याच वजनाला ताण जवळपास चार टक्क्यांनी वाढतो, कारण इथे व्यासाचा घन लागतो. दोन नमुने याच कारणाने बाजूला काढले.

२ जानेवारी २०२५

मशीन मिनिटाला २८८० फेरे करतं. दहा लाख फेऱ्यांना पावणेसहा तास, एक कोटीला ५८ तास. वॉचमन दादा रात्री दोनदा काउंटरचा फोटो पाठवतात.

१५० मेगापास्कल ताणाला: नीट विझवलेले तीन नमुने ८ लाख ६० हजार, ११ लाख आणि १४ लाख फेऱ्यांना तुटले. सावकाश निववलेले २ लाख १० हजार, २ लाख ६० हजार आणि ३ लाख ९० हजारांना. साधारण चौपट फरक. ११० मेगापास्कलला नीट विझवलेले दोन्ही नमुने एक कोटीला न तुटता उतरवले, सावकाशांपैकी एक ३४ लाखांना गेला, दुसरा ५१ लाखांना.

न तुटता उतरवले म्हणजे कधीच तुटणार नाहीत असं नाही. साध्या पोलादात एक पातळी असते, तिच्या खाली कितीही फेरे चालतात. अ‍ॅल्युमिनियममध्ये तशी पातळी नाही, वक्र उतरतच जातो. म्हणून हँडबुकात फटीगचा आकडा ५० कोटी फेऱ्यांना देतात. आमच्या मशीनवर तेवढ्याला चार महिने लागतील.

त्याच हँडबुकातल्या एका कोष्टकापाशी आज बराच वेळ थांबलो. ६०६१, नरम: तुटण्याची ताकद १२४ मेगापास्कल, फटीग ६२. टी-४: ताकद २४१, फटीग ९७. टी-६: ताकद ३१०, फटीग ९७. टी-४ आणि टी-६ च्या पुढे एकच आकडा! यील्ड (धातू कायमचा वाकायला लागतो तो ताण) १४५ वरून २७६ वर गेली, हार्डनेस ६५ वरून ९५ वर गेला, आणि फटीग होता तिथेच. ७०७५ टी-६ ची ताकद ५७२, म्हणजे जवळपास दुप्पट, पण फटीग १५९.

सरांनी कारण असं समजावलं: बारीक सुया थरांना अडवतात खऱ्या, पण लाखो वेळा मागेपुढे झाल्यावर एखाद्या थरावरच्या सुया कापल्या जातात. मग तो थर शेजारच्यांपेक्षा मऊ होतो आणि पुढची सगळी हालचाल त्याच थरावर होत राहते. पृष्ठभागावर त्याची सूक्ष्म पायरी उमटते आणि तिथून भेग निघते. एका खेचीत तोडायचं तर सगळ्या धातूला हरवावं लागतं. थकव्याला सगळ्यात दुबळी एक जागा सापडली की पुरतं.

८ जानेवारी

नीट विझवलेला चौथा नमुना, १५० मेगापास्कल. फक्त ७१ हजार फेऱ्यांत तुटला. मशीन चुकलं असेल म्हणून वजन, लांबी, बेअरिंग सगळं तपासलं. सगळं बरोबर.

मग तुकडा भिंगाखाली घेतला. भेगेच्या सुरुवातीला एक बारीक आडवा ओरखडा, केसाएवढा. व्यास मोजताना व्हर्नियरचा जबडा मी मधल्या भागावर किंचित सरकवला होता, त्याचा. हार्डनेस ९६, क्वेंचिंग निर्दोष, आणि तरीही सावकाश निववलेल्या सगळ्यात वाईट नमुन्याच्याही एक तृतीयांश आयुष्य.

रात्री वर्कशॉपमध्ये परत गेलो आणि तुटका फोर्क नव्याने हातात घेतला.

९ जानेवारी

पट्टीवर भोक वरून पाडतो. ड्रिल खालून बाहेर पडतं तिथे बर, म्हणजे धातूची धारदार कड, येते. नंतर पट्टी वाकवतो, तेव्हा ती बरवाली बाजू यूच्या आत जाते. वरची बाजू सगळ्यांना दिसते, म्हणून तिचं डीबरिंग नीट होतं. आतल्या बाजूला हात नीट पोहोचत नाही. टम्बलिंगमध्ये (खड्यांसोबत ड्रममध्ये फिरवताना) बर कापली जात नाही, काठावर दुमडून चिकटते आणि वरून अ‍ॅनोडायझिंग झालं की दिसतही नाही.

आता भार कसा येतो ते कागदावर काढलं. चाकाचा भार दोन्ही पायांतून वर येतो, मध्ये बोल्ट धरून ठेवतो. म्हणजे वरची पट्टी दोन्ही टोकांनी वर उचलली जाते: वरच्या पृष्ठाला दाब, आतल्या पृष्ठाला ताण. भोकाच्या काठावर हा ताण आधीच दुपटीच्या आसपास जातो. नेमका त्याच काठावर, ताणाच्याच बाजूला, आम्ही दुमडलेली बर ठेवून देत होतो.

न वापरलेल्या फोर्कच्या भोकात आतून बोट फिरवलं. नखाला लागलं. पुन्हा फिरवलं, पुन्हा लागलं. इतके महिने हे फोर्क आमच्या हातांतून गेले आणि एकानेही आतून बोट फिरवून पाहिलं नाही. त्यात मीही आलो. भट्टीची चूक होती, ती सिद्ध झाली आहे. पण ही चूक आमच्या ड्रिल मशीनवरची आहे. कमानींचं केंद्र पहिल्याच दिवशी मला या काठावर दिसलं होतं, ते मी वहीत लिहिलंही होतं, आणि पुढचे सात आठवडे हार्डनेसच्या मागे गेलो.

१४ जानेवारी

संक्रांत. दुपारपर्यंत पूर्ण फोर्कवर ठोके मारून पाहायच्या रिगचा सांगाडा वेल्ड केला. ८० मिलिमीटर बोअरचा हवेचा सिलिंडर, ५ बार, म्हणजे साधारण २५०० न्यूटन, सेकंदाला दोन ठोके. रस्त्यावर रोज बसत नाही एवढा भार, मुद्दाम वाढवलेला.

६ फेब्रुवारी

गोल नमुने शिकायला ठीक होते. ताईंच्या खुर्चीला फोर्क असतो, म्हणून शेवटी पूर्ण फोर्कच तोडून पाहिले. चार गट, प्रत्येकी तीन.

नरम आणि बरवाले: ७८ हजार, ९० हजार, १ लाख ४ हजार ठोके.

कडक आणि बरवाले: १ लाख १५ हजार, १ लाख ४० हजार, १ लाख ५२ हजार.

नरम, पण भोकाला दोन्ही बाजूंनी चॅम्फर (तिरका काप) देऊन काठ हाताने गोल केलेले: १ लाख ९० हजार, २ लाख २० हजार, २ लाख ६० हजार.

कडक आणि गोल काठाचे: एक ५ लाख ४० हजारांना तुटला. दोन ६ लाखांना न तुटता थांबवले.

तीन-तीन फोर्कवरून फार नेमकं बोलता येणार नाही, थकव्यात एकाच गटाच्या आकड्यांत दुपटीचाही फरक पडतो. पण क्रम एकदाही उलटला नाही. नुसती भट्टी सुधारून दीडपट मिळालं. नुसता काठ सुधारून, नरम धातूतच, अडीचपट. दोन्ही मिळून सहापटीच्या पुढे. हे का, तेही कळतं: बर असलेल्या फोर्कमध्ये भेग जवळजवळ आयतीच मिळते, आणि एकदा भेग निघाली की ती पुढे सरकण्याच्या वेगावर टेंपरचा, म्हणजे धातू किती कडक केला आहे त्याचा, फारसा परिणाम होत नाही. कडकपणा भेग निघू न देण्याच्या कामी येतो. त्याला तेवढी संधी आम्हीच देत नव्हतो.

सर म्हणाले, हा निकाल ओतीव चाकांनाही लागू पडतो. तिथे बरच्या जागी हवेची छिद्रं असतात. टी-६ ने ओतीव मालाची यील्ड वाढते, पण छिद्र मोठं असेल तर थकवा छिद्राचंच ऐकतो.

व्हीलचेअरच्या आंतरराष्ट्रीय मानकात, आयएसओ ७१७६ च्या आठव्या भागात, पूर्ण खुर्ची पट्ट्या लावलेल्या दोन फिरत्या ड्रमवर २ लाख फेरे चालवतात आणि नंतर ६,६६६ वेळा पायरीवरून सोडल्यासारखी आपटतात. आमची रिग म्हणजे ती चाचणी नव्हे. एप्रिलमध्ये एक खुर्ची त्या चाचणीला पाठवायची आहे. तोपर्यंत नवीन ऑर्डर घेणार नाही.

१३ फेब्रुवारी

भट्टीवर काकांसोबत बसून नवीन पद्धत ठरवली. फोर्क एकात एक रचायचे नाहीत, तारेवर टांगायचे. तारेचे हँगर आम्ही करून देऊ. टाकीला पंप बसवून पाणी फिरतं ठेवायचं, बुडवण्याआधी ४० अंशांच्या खाली आहे याची नोंद करायची. विझवल्यावर त्याच संध्याकाळी एजिंग, म्हणून आमचा माल बुधवारी लावायचा नाही. नमुना-तुकडा हँगरच्या मधोमध. काकांनी स्वतःहून आणखी एक सुचवलं: सर्टिफिकेटवर प्रत्येक हँगरमधल्या मधल्या फोर्कचा हार्डनेस लिहायचा.

टांगल्याने एका खेपेत तिसऱ्या हिश्श्याएवढेच फोर्क बसतात. दर वाढणार. मान्य केलं.

आमच्याकडे: भोक वाकवण्याआधी साडेअकराचं, वाकवून झाल्यावर साडेबाराला रीमर, मग आतून-बाहेरून चॅम्फर आणि काठाला हाताने एमरी. हे सगळं भट्टीच्या आधी. शेवटी प्रत्येक फोर्कच्या आत बोट फिरवायचं. अ‍ॅनोडायझिंगचा थर पातळ ठेवायचा, तो कडक आणि ठिसूळ असतो आणि जाड झाला की स्वतःच भेगेला सुरुवात करून देतो.

२२ फेब्रुवारी

ताईंच्या खुर्चीला दोन्ही नवे फोर्क बसवले. प्लॅस्टर निघालं आहे, मूठ अजून पूर्ण वळत नाही. जुना तुटका तुकडा त्यांनी मागून घेतला, भिंगातून कमानी पाहिल्या आणि विचारलं, "म्हणजे मी रोज बँकेत जात होते तेव्हा हे सरकतच होतं?" हो म्हणालो. मग त्यांनी नवीन फोर्क बसवण्याआधी हातात घेतला आणि भोकाच्या आतून तर्जनी दोनदा फिरवली.

बाकीच्या ४६ पैकी ४२ फोर्क परत आले. ११ चा हार्डनेस ८० च्या खाली. आतली बर सगळ्यांना. दोघांमध्ये भोकाच्या काठावर भेग निघालेली, एक तीन मिलिमीटर, एक पाच.

चार फोर्क, म्हणजे दोन खुर्च्या, अजून बाहेर आहेत. एक सोलापूरला, नंबर लागत नाही. दुसरी कुणीतरी पुढे कुणालातरी देऊन टाकली आहे. सोमवारी सकाळी सोलापूरची गाडी धरतो.